जेसीबी बोलावण्याआधी, बापू

जुने शहर, अकोला

प्रिय बापू,

तुझे तिन्ही व्हिडिओ बघितले. पहिल्यात पोकलेन झाडं उपटतंय, दुसऱ्यात कुठल्याशा परदेशी यंत्राखाली उभं झाड जागच्या जागी भुसा होतंय, आणि तिसऱ्यात तू पुण्याच्या गॅलरीत उभा राहून विचारतोयस, "आत्या, यातलं कोणतं मागवू? पावसाआधी वावर साफ झालं पाहिजे. डिसेंबरात लॉनवर पहिलं लग्न लावायचंय." लॉनचं नावसुद्धा ठरलंय म्हणे. ते मला सांगितलं नाहीस, म्हणजे आबांचं नाही एवढं कळलं.

मी फोनवर बोलायला लागले की तुला मीटिंग येते. म्हणून हे पत्र. आणि ते छापायलाही देतेय, कारण जुन्या शहराच्या गल्लीगल्लीत एकेक बापू आहे. गावाबाहेरचं त्याचं वावर पडीक पडलंय आणि तो पुण्या-बंगळुरात बसून त्याचं काय करायचं याचे व्हिडिओ बघतोय. त्या सगळ्यांच्या आत्या फोनवर ऐकून घेतल्या जात असतील असं मला वाटत नाही.

जेसीबीवाल्याला तू नेमकं काय सांगितलंस रे? "तीन एकर आहे, जंगल झालंय, सपाट करून द्या." तो नाही कशाला म्हणेल? तासावर पैसे घेतो बिचारा. पण मशीन एकर मोजून ठरत नसतं. जमिनीवर काय उगवलंय, ते मुळापासून जातं की वरवर, आणि खाली माती कसली आहे, हे बघून ठरतं. नोकरीची सगळी वर्षं मी विद्यापीठात लोकांची माती चाळली. घरच्या वावराबद्दल मात्र मला कोणी विचारत नाही.

परवा जाऊन आले. डाबकी रोडनं रेल्वे ओलांडून, भौरदच्या बाजूला. सोबत आपली निंदणाची बाई होती. तू तिला ओळखतोस, तुझ्या पायातला काटा तिनेच काढला होता. आठवतं ना? वेडी बाभूळ टाचेत आरपार, तू दगडावर बसून बोंबलतोयस, ती रुईचा चीक लावतेय आणि दादा हसतोय. नाल्याकाठाला आता तेव्हाच्या दहापट वेडी बाभूळ आहे. गेल्या साली सरपणासाठी कोणीतरी ती गुडघ्याएवढ्या उंचीवर तोडून नेली. मी एका खुंटाजवळ बसून मोजलं: बोटाएवढे जाड सतरा फुटवे, प्रत्येक सरळ, हिरवागार, काट्यांनी भरलेला. एकाच्या जागी सतरा. बाई म्हणाली, "ह्याले वरतून कापून काय होते? बुडापासून काढा लागते."

तिने तुझ्या निम्म्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. इंग्रजांच्या काळात अमेरिकेकडून आलेलं हे झाड जमिनीलगतच्या बुडख्यातून फुटतं. ब्रश कटर फिरव नाहीतर चेनसॉ चालव, तू त्याची छाटणीच करशील. बुडखा वीतभर खालून निघाला तरच ते मरतं. म्हणून नाल्याकडच्या त्या पट्ट्यापुरता जेसीबी मला मान्य आहे. पण मागचा खोदायचा बकेट वापरून, एकेक बुडखा उचलत. पुढच्या फाळक्यानं सरसकट खरवडायचं नाही. आणि अगदी काठावरची झाडं मशीनला द्यायचीच नाहीत. ती माणसांनी टप्प्याटप्प्यानं काढायची, नाहीतर पहिल्याच पावसात काठ नाल्यात आणि नाला मोर्णा नदीत. कोणी स्वस्तात ट्रॅक्टरला साखळी बांधून खुंट ओढून देतो म्हणाला, तर हात जोड. साखळी उंचावर बांधली आणि खुंट हलला नाही, की ट्रॅक्टरचं पुढचं तोंड वर होतं आणि तो चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

मधल्या भागात रायमुनिया माजलीय. तिला मशीनची गरजच नाही. दिल्लीच्या सी. आर. बाबू यांनी तिच्यासाठी साधी रीत सांगून ठेवलीय: कुदळीनं मूळ जमिनीखाली दोन-तीन बोटांवर तोडायचं आणि झुडूप उलटं करून वाळू द्यायचं. मुळं वर, फांद्या खाली. पुन्हा धरत नाही. बोरी-सुबाभळीची लहान रोपं पऱ्हाटी उपटायच्या चिमट्यानं निघतात. तो चिमटा अजून पडवीत टांगलेला आहे, मी बघून आले. पण हे काम जुलैतलं, वाफसा आल्यावर. आता मे महिन्यात आपली जमीन दगड झालीय, भेगांत हात जातो. रोप ओढलंस तर मधेच तुटेल आणि मूळ खाली राहील. उलट जेसीबी हवा तर आत्ताच. एकदा पाऊस लागला की त्या काळ्या चिखलात सात-साडेसात टनांचं धूड रुतेल आणि त्याला काढायला दुसरं बोलवावं लागेल. रुतलं नाही तरी त्याच्या चाकांखाली ओली माती अशी दबेल, की पुढची काही वर्षं तिथे पाणी मुरायचं नाही.

"सपाट करा" म्हणालास ना, त्याचंही ऐक. तो फाळकं लावून वरचं वीतभर खरवडणार आणि ढीग कोपऱ्यात टाकणार. वावरात जे काही आहे ते त्या वीतभरातच आहे. त्याखाली चुनखडीचे खडे असलेला पिवळट थर. त्यावर तुझं गवत उगवायचं नाही. मग तू ट्रकनं माती विकत आणशील, कोणाच्या तरी दुसऱ्या वावरातून खरवडलेली.

आता झाडं. धुऱ्यावर चार हिवर आहेत, दोन देशी बाभळी आणि विहिरीजवळचा निंब. व्हिडिओतला तो भुसा करणारा राक्षस बघून मला त्या निंबाचीच काळजी वाटली. तो भाग २०१६ च्या हद्दवाढीत महानगरपालिकेत आला, त्यामुळे १९७५ चा झाडांचा कायदा लागू. आधी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज, मग कुऱ्हाड. अर्जात वेडी बाभूळही लिही, लपवू नकोस. २०२१ च्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' झालंय, आणि ते तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावून जगवावी लागतात. निंब १९७१ चा. ७२ च्या दुष्काळात विहिरीला तळ लागला, तेव्हा आजी भांडी धुतलेलं पाणी जुन्या शहरातून डब्यात भरून बैलगाडीत ठेवायची. त्या पाण्यावर तो जगला. निंबाखालच्या दगडाबद्दल मी इथे लिहीत नाही. तुला ठाऊक आहे.

तसंही मंडपाला सावली हवी की नको? एप्रिल-मेच्या लग्नात चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या उन्हात तुझं वऱ्हाड कुठे बसणार, गवतावर? निंबाखाली हरळी धरत नाही, तिला ऊन लागतं. तिथे जमीन सारवून घे, पंगत बसेल.

गवताच्या किमतीचा कागदही तू पाठवलास, चौरस फुटानं. कारपेट म्हणे. वाचून मी एकटीच हसले. बापू, आबांची अख्खी हयात हरळी खणण्यात गेली. "हरळी घुसली का वावर गेलं समज," म्हणायचे. उन्हाळ्यात टिकास घेऊन हातभर खोल जायचे, एकेक पांढरी मुळी वेचून धुऱ्यावर वाळत टाकायचे, आणि एखादी राहिली की आषाढात तिचं जाळं. आता नातू तीच विकत आणतोय! आणू नकोस. धुऱ्यावर पाहिजे तेवढी आहे. ती खणून बोटभर तुकडे कर, शेण आणि मातीच्या पातळ काल्यात कालव, आणि जुलैत ओल्या जमिनीवर पसर. दिवाळीपर्यंत हिरवं होईल. ही आपल्या पाण्याला सरावलेली आहे. खारपाणपट्टा आपल्या दाराशीच आहे, आणि त्या बोअरचं पाणी पिऊन तू लहानपणी तोंड वाकडं करायचास ते मी विसरले नाही. नाजूक विलायती गवत त्या पाण्यावर पिवळं पडेल. रोटाव्हेटर मात्र गवत लावायचं तिथेच फिरव. तो हरळीचे तुकडे करून सगळीकडे पेरतो. उरलेल्या जमिनीत पुढेमागे काही पिकवायचं मनात आलं तर? येईल का रे कधी?

पाण्याचा हिशेब केलास? मी केला. एकरभर लॉनला उन्हाळ्यात रोज फक्त पाच मिलिमीटर धर, तरी वीस हजार लिटर होतात. पाच हजारांचे चार टँकर, रोज. इथे महानच्या धरणातून आमच्या नळाला पाणी येतं ते दिवसांच्या अंतरानं; रांजण भरून ठेवावे लागतात. तीन एकर हिरवंगार ठेवायचं म्हणजे बारा टँकर. कोणाच्या तोंडचे? म्हणून सांगते, लॉन अर्ध्या एकराचं कर, विहीर आणि रस्ता यांच्या मधे. गाड्यांसाठी रस्त्याकडेला मुरूम टाक. बाकीचं राहू दे. लग्न अर्ध्या एकरातही लागतं. तुझ्या आईबाबांचं वाड्याच्या अंगणात लागलं होतं, आणि वऱ्हाडी उपाशी गेले नव्हते.

तू म्हणशील, आत्या, एकदाच मोठं मशीन लावून मोकळं होऊ. एकदाच साफ करणं आपण दगडी पुलावरून बघितलंय. जानेवारी २०१८ मध्ये मोर्णेतली जलकुंभी काढायला हजारो माणसं उतरली, मशीनही लावली. पंतप्रधानांनी रेडिओवर आपल्या नदीचं नाव घेतलं, तू फोन करून ओरडलास, "आत्या, ऐकलंस का!" अभिमान मलाही वाटला, मीही फावडं घेऊन गेले होते. पण सांडपाणी नदीत यायचं थांबलं नाही आणि जलकुंभी परत आली. वेडी बाभूळही परत येईल. तिचं बी मातीत पडून आहे, गुरांच्या शेणातून आणखी येतंय. दोन-तीन पावसाळे कोणीतरी हातात चिमटा घेऊन फिरावं लागेल. ते कोण? हा खर्च कोणत्याच कोटेशनमध्ये नाही.

वावराला हे दिवस का आले, ते आपण दोघंही बोलत नाही. दादा गेला, ठोक्यानं देणं बंद झालं, तू तेरावं करून गेलास तो पुन्हा तिकडे फिरकला नाहीस. मला ते समजतं. खरंच समजतं. माझ्या मोतीबिंदूच्या वेळी सुट्टी काढून आलास, तासातासानं डोळ्यात थेंब घातलेस, वरणभात करून वाढलास. पोटच्या पोरानं केलं नसतं असं मी गल्लीभर सांगत फिरले. पण तेव्हाही, डाबकी रोडवर औषधं आणायला रोज जायचास आणि रेल्वेच्या अलीकडूनच परत यायचास.

हक्कसोडपत्रावर सही करताना मी काही मागितलं नव्हतं. बहिणी मागत नाहीत, असं आपल्याकडे धरूनच चालतात. दादानं साडी दिली, मी सही दिली. आज मागतेय. जमीन तुझीच आहे. लॉन कर, भाड्यानं दे, पैसे कमव, माझं काही म्हणणं नाही. लग्नांचा हंगाम असलेल्या गावात वावर पडीक ठेवण्यापेक्षा ते बरंच. फक्त मशीन पुण्याहून ठरवू नकोस. एक दिवस सकाळी ऊन चढायच्या आत माझ्याबरोबर वावरात चल. चुन्याची पिशवी घेऊ. जे झाड राहायचं त्याच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा, बुडखा काढायचा त्याला काही नाही. मग जेसीबीवाल्याला उभं करून दाखव. त्याचं काम तासाभरानं वाढेल, तेवढंच.

मातीची पिशवी मी तपासायला दिलीय. अहवाल आला की बोअरच्या पाण्याचं बघू. चिमट्याला तेल लावून ठेवलंय. निंदणाची बाई जुलैत दोन बायका घेऊन यायला तयार आहे, मजुरी तिच्याशी तूच बोल.

काल जेसीबीवाल्याचा फोन आला होता, सोमवारी फाटक उघडं ठेवा म्हणून. मी त्याला नाही म्हणून सांगितलंय. तुझा ऍडव्हान्स त्याच्याकडेच आहे, तो बुडवणारा माणूस नाही. फाटकाची किल्ली माझ्याकडे आहे. शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीचं तिकीट मिळतंय का बघ, आणि मिळालं की कळव.

तुझी,
आत्या