ज्यांच्या भिंतींवर शिकलो

चित्रकला कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की कलाविद्यालयाचं नाव सांगून मी मोकळा व्हायचो. माझ्या गावच्या, ताडकळसच्या दोन माणसांचं देणं त्या उत्तरात कधी येत नसे. ते इथे सांगतो.

गावात एक पेंटर काका होते. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं आणि लग्नसराईत दारांशेजारी गणपती नि भालदार-चोपदार काढायचे. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायच्या आधीपासून मी त्यांचे डबे धरून उभा असायचो. सुतळी निळीत बुडवायची, दोघांनी दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटते आणि अक्षर तिच्यावर बसतं. पुढे अक्षरलेखनाच्या तासाला माझा हात चालला तो त्या सुतळीमुळे.

कलाविद्यालयात असताना आम्ही काही मुलं भिंती रंगवायला ताडकळसला आलो. स्वच्छता, पाणी, मुलींचं शिक्षण असे विषय ठरलेले, स्केचेस तयार. ज्यांच्या भिंती, त्यांना काय हवं हे विचारावं असं मलाही सुचलं नाही, आणि मी तर त्याच गावचा. श्रावणातली उघडीप होती. एका ओसरीच्या मातीच्या भिंतीला मी थेट डिस्टेंपर लावायला घेतला, तशी घरातली आजी बाहेर आली. "थांब लेकरा. भित आधी सारवू दे, मंग काढ. पोपडे निघतील ना."

तिनं पांढरी माती कालवली, हातानं भिंत सारवली. ती वाळेपर्यंत आम्हाला आत नेऊन नागपंचमीची जागा दाखवली. चुन्याचा चौकोन, त्यात काडीला कापूस गुंडाळून गेरूनं काढलेली नागांची जोडी, पिल्लं, वारूळ. एकही रेघ गिरवलेली नव्हती. दरवर्षी ती जागा चुन्यानं पुसायची आणि त्याच जागी पुन्हा नाग काढायचे. चित्र टिकावं म्हणून आमची सगळी धडपड असायची. चित्र पुसलं जाणार हे ठाऊक असूनही इतक्या मनापासून काढणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही स्केचेस बाजूला ठेवली. आजीनं शेजारणींना हाका मारल्या. त्या काढत गेल्या, आम्ही रंग कालवले, शिडी धरली.

कलाविद्यालयात परतल्यावर सरांनी भास्कर कुलकर्णींबद्दल सांगितलं. जे.जे.त शिकलेले हे चित्रकार १९६०च्या दशकातल्या बिहारच्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकरांच्या सांगण्यावरून मधुबनीला गेले आणि भिंती रंगवणाऱ्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे डहाणूकडच्या वारली पाड्यांवरही गेले. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे कागदावर काढू लागले ते त्याच सुमारास. म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. कुलकर्णींचं मोठेपण मला यात वाटतं, की स्वतः शिकलेले असूनही ते तिथे शिकवायला बसले नाहीत. एक बोच मात्र राहते. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर काढायच्या त्या सवाशिणी. त्यांतल्या कितीजणींची नावं आज कुणाला ठाऊक आहेत?

आता मी चित्रकलेचा शिक्षक आहे. श्रावण लागला की माझे विद्यार्थी गावात घरोघर जातात, आज्या सांगतील तसं सारवतात, गेरू भिजवतात, त्यांचे नाग पाहून वहीत उतरवून घेतात. इंटरमिजिएट परीक्षेच्या तयारीत हे बसत नाही, तरी मी ते सोडत नाही. ज्या बाईनं चित्र काढलं तिचं नाव खाली लिहायचं, हा आमचा नियम. पहिल्या वर्षी त्या ओसरीच्या आजीनं लिहू दिलं नाही. "देवाचं हाय ते, माझं नाव कशाला?" म्हणाली. दुसऱ्या वर्षी तिनंच नातीला हाक मारली आणि आपलं माहेरचं नाव लिहायला सांगितलं.