नाताळच्या बरणीतली गोडी

मद्याचा विषय निघाला की मराठी माणूस एक तर नाक मुरडतो, नाहीतर डोळा मिचकावतो. या दोहोंच्या मधोमध एक लहानसा, शांत आणि घरगुती प्रदेश आहे, आणि मुंबईच्या उपनगरांतील आपल्या ख्रिस्ती कुटुंबांना तो पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहे. नाताळच्या फराळाच्या ताटाशेजारी ठेवलेला काचेचा बुटका पेला आणि त्यातली गडद तांबडी गोड वाईन, एवढाच त्या प्रदेशाचा विस्तार. तो पेला कोणी रिचवण्यासाठी भरत नाही. दारी आलेल्याच्या हाती नेवरी द्यावी, कुलकुल्यांची बशी पुढे करावी, त्याच मायेने तोही पुढे केला जातो. दोन घोटांत तो संपतो आणि मग शेजारच्या घरी जायचे असते.

आम्ही वाईनचे जाणकार नव्हे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर अशा चार ठिकाणी आमच्या कुटुंबाची चार बिऱ्हाडे विखुरलेली आहेत. नाताळ आणि नववर्ष यांच्या दरम्यान एका संध्याकाळी कोणा एकाकडे जमावयाचे आणि प्रत्येक घराने एक बाटली आणावयाची, असा आमचा गेल्या काही वर्षांचा परिपाठ आहे. बाटली घरची असो वा दुकानातली, नियम दोनच. ती चवीला गोड असावी आणि तिच्या किमतीने महिन्याचा हिशेब कोलमडू नये. जेवण झाल्यावर ती उघडावयाची, थोडीथोडी चाखावयाची आणि ज्याला जे वाटले ते त्याने सांगावयाचे. वाईनच्या पुस्तकांतली परिभाषा आम्हाला अवगत नाही. आमच्या उपमा चिक्कीच्या, लवंगेच्या आणि खोकल्याच्या औषधाच्या असतात.

गोडच का, असे कोणी विचारील. जगातले जाणकार बहुधा कोरड्या, तुरट वाईनला मान देतात. परंतु आपली जीभ वेगळ्या वळणावर घडली आहे. साष्टी बेट १५३४ च्या वसईच्या तहाने पोर्तुगिजांकडे गेले आणि मराठ्यांनी ते १७३७ साली घेतले. दोन शतकांच्या या सहवासाने वाईन आपल्या सणांत आणि विधींत आणली. ‘पोर्ट’ हा शब्द पुढे गोव्यामार्गे आपल्या कपाटांत येऊन बसला. खरी पोर्ट पोर्तुगालच्या दोरो नदीच्या खोऱ्यातली. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचेच कडक मद्य घालून आंबणे थांबवतात. साखर तशीच राहते आणि वाईन एकाच वेळी गोड आणि जोरकस होते. आपल्याकडे मात्र कोणत्याही गोड तांबड्या वाईनला पोर्ट म्हणण्याचा प्रघात पडला. हैदराबादकडची गोवळकोंडा रुबी जुन्या मंडळींच्या बोलण्यात अजून येते, तीही याच गोड गोत्रातली.

वेदीवरच्या वाईनचे नियम मात्र काटेकोर आहेत. १९८३ च्या धर्मसंहितेचे ९२४ वे कलम सांगते की मिस्साची वाईन नैसर्गिक, द्राक्षाचीच आणि न बिघडलेली असावी. म्हणजे जांभळाची वाईन कितीही सुरेख उतरली तरी तिची जागा जेवणाच्या टेबलावरच.

आता बरणीकडे वळू. आमच्यातली सर्वांत जुनी बरणी अंधेरीच्या काकींची. चिनी मातीची, वर तपकिरी आणि खाली पांढरी. एरवी लोणच्याची असावी अशी, परंतु लोणच्याचा स्पर्श तिला कधी झालेला नाही. मृतांच्या दिवशी, २ नोव्हेंबरला, काकी दफनभूमीतून परततात आणि दुसऱ्या दिवशी वाईन घालतात. एक किलो काळ्या मनुका, दीड किलो साखर, उकळून निववलेले साडेचार लिटर पाणी, मूठभर गहू, दालचिनीचे दोन तुकडे, पाच लवंगा आणि चमचाभर यीस्ट. बरणीच्या तोंडाला मलमलीचे फडके बांधावयाचे, झाकण कधीही घट्ट लावावयाचे नाही. एकवीस दिवस रोज लाकडी पळीने ढवळावयाचे, पळी नेहमी कोरडी आणि एकाच दिशेने. दिशेचे कारण काकींना ठाऊक नाही, त्यांच्या सासूबाईंनाही ठाऊक नव्हते. फडक्याचे कारण मात्र शास्त्रीय आहे. यीस्ट साखर खाते आणि तिचे मद्यार्क व वायू बनवते. त्या वायूला वाट मिळाली नाही तर भांडे फुटते. मद्यार्काचे प्रमाण साधारण १४ टक्क्यांच्या आसपास गेले की बिचारे यीस्ट स्वतःच्याच कर्तृत्वात बुडून थांबते. उरलेली साखर तशीच राहते, आणि तीच आपल्या वाईनची गोडी. आगमनकाळाच्या सुमारास वाईन गाळून, निवळ तेवढी बाटल्यांत भरून ठेवतात. गाळ हलू न देता ती ओतणे हीच खरी कला.

चवीचे सांगावयाचे तर काकींची ताजी वाईन थोडी उतावळी असते. पहिल्या घोटाला जळक्या साखरेची, गुळाच्या चिक्कीची आठवण येते, मागाहून लवंग जिभेवर रेंगाळते, आणि शेवटी घशात एक ऊब. गेल्या नाताळी त्यांनी वर्षभर मुरलेली एक बाटली काढली. तीच वाईन, परंतु लवंग मागे सरली होती, मनुकांचा गर पुढे आला होता, आणि रंग तांबड्यावरून तपकिरीकडे झुकला होता. आमच्यातल्या तरुण मंडळींनी ताजीला मत दिले, चाळिशी ओलांडलेल्यांनी मुरलेलीला. यावर अधिक भाष्य नको.

बोरिवलीच्या बिऱ्हाडाची बाटली जांभळाची होती. जांभळे पावसाच्या तोंडावर येतात, म्हणून ही वाईन जून महिन्यातच घालावी लागते. रंग असा की पेला उन्हात धरावा. चव मात्र हट्टी. साखर कितीही घातली तरी जांभळाचा तुरटपणा हिरड्यांना धरतोच. आम्हाला ती आवडली. निव्वळ गोड पेय तीन घोटांत कंटाळवाणे होते, आणि तुरट किंवा आंबट काहीतरी त्या गोडीशी भांडत असले की पुढचा घोट घ्यावासा वाटतो. याच न्यायाने आल्याची वाईनही बरी वाटते. तिच्यात लिंबू असते, आणि थंडीत खोकणाऱ्या थोरल्या आत्यांना तिच्यासाठी निमित्तही लागत नाही.

दुकानातल्या बाटल्यांत मुलुंडकरांनी नाशिकची, सुला कंपनीची ‘लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां’ आणली होती. नाव जड असले तरी अर्थ सोपा आहे. द्राक्षे नेहमीपेक्षा अधिक दिवस वेलीवर ठेवतात, त्यांतले पाणी कमी होते, साखर एकवटते आणि मग त्यांचा रस काढतात. ही पांढरी, सोनेरी छटेची वाईन. मधाचा वास, मागून संत्र्याच्या सालीचा, आणि चवीत पिकल्या पपईचा भास. खूप थंड करून द्यावी, कोमट झाली की ती पाकासारखी लागते. लहान बाटली मिळते हे तिचे आणखी एक वैशिष्ट्य. चार घरांना तेवढी पुरते.

घाटकोपरकरांची गोव्याकडची पोर्ट दाट आणि अतिगोड निघाली. भाचीने एका शब्दात निकाल दिला: ‘कफ सिरप!’ परंतु कोणीतरी तिच्यात बर्फाचा खडा आणि लिंबाच्या सालीचा तुकडा टाकला, आणि ती एकाएकी माणसांत आली. त्याच संध्याकाळी आम्हाला आणखी एक गोष्ट उमगली. गोड वाईन केकबरोबर आणि मार्झिपॅनबरोबर फिकी पडते, कारण पदार्थाची गोडी तिच्यावर मात करते. तीच वाईन उरलेल्या इंद्यालाच्या एका घासानंतर घेतली तर मसाल्याची आग शमते आणि वाईनचे फळ उमलून येते. आपल्या वाडवडिलांनी जळजळीत जेवण आणि गोड पेला एका टेबलावर ठेवले, ते उगाच नव्हे.

सायडर हे आमच्या टेबलावरचे नवे पाहुणे. सफरचंदाचा रस आंबवून करतात ते सायडर. आपल्या हवेत सफरचंद नाही, त्यामुळे ही चीज आपल्या वाडवडिलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. आम्ही चाखले ते पुण्याच्या मूनशाईन मीडरीचे, सफरचंदाचे. खरे पाहता ते सायडर आणि मध यांच्या सीमेवरचे पेय, कारण मीड म्हणजे मध आंबवून केलेले मद्य. हलके, बुडबुड्यांचे, हिरव्या सफरचंदाच्या आंबटपणाचे. बोर्डीहून येणारी फ्रुझान्ते ही चिकूची फसफसती वाईनही त्याच जातकुळीची. डहाणू-घोलवडचा चिकू आपण आजवर फक्त कापून खाल्ला. त्याची वाईन होऊ शकते हे ऐकून काकी प्रथम हसल्या, मग त्यांनी आपला पेला पुन्हा पुढे केला.

इथवरचे सारे वर्णन प्रसन्न आहे. परंतु ते एवढ्यावर थांबवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

१९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार १९५० पासून मुंबईत कडक दारूबंदी आली. ती पुढे १९६० आणि १९७० च्या दशकांत सैल होत गेली, परंतु कायदा बदललेल्या नावाने आजही आहे. त्याच्या अक्षराप्रमाणे परवान्यावाचून घरी मद्य आंबवणे निषिद्धच. बंदीच्या काळात उपनगरांतल्या काही वस्त्यांत ‘आंटीचे अड्डे’ चालले, आणि त्यातून हिंदी चित्रपटाने झिंगलेला ख्रिस्ती माणूस आणि बाटली विकणारी ख्रिस्ती बाई ही दोन सोंगे कायमची उभी केली. कष्टाळू, पापभीरू कुटुंबांना ती प्रतिमा फार काळ वाहावी लागली. काकींची बरणी आणि अड्ड्यावरची भट्टी यांत कायदा भेद करत नाही, आणि बाहेरचे जगही क्वचितच करते.

भेद मात्र आहे, आणि तो जीवनमरणाचा आहे. डिसेंबर २००४ मध्ये घाटकोपरशेजारच्या विक्रोळीत विषारी दारूने ८० हून अधिक माणसे दगावली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत १०० हून अधिक. त्या दारूत मिथेनॉल होते. फळे आंबताना ते अत्यल्प बनते. त्याने माणसे मरत नाहीत. मरतात ती स्वस्तात नशा विकण्यासाठी केलेल्या भेसळीने. परवडणाऱ्या पेल्याविषयी लिहिताना, ज्यांना तेवढाच पेला परवडत होता त्या माणसांचे स्मरण ठेवणे आम्हाला आवश्यक वाटते.

दुसरा भेद घराच्या आतला आहे. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली कृपा फाउंडेशन स्थापन केले, ते व्यसनात सापडलेल्यांसाठी. अशा कार्याची गरज आपल्या धर्मग्रामांना भासली, ही गोष्ट नम्रपणे मान्य करावी लागते. आमच्याच कुटुंबातला एक भाऊ काही वर्षांपूर्वी दारूतून सुटला. त्यानंतरच्या पहिल्या नाताळापूर्वी चारही घरांत एकच प्रश्न होता: ही संध्याकाळ बंद करावी काय? काकी म्हणाल्या, ‘माझी बरणी त्याच्यापेक्षा मोठी नाही.’ त्या वर्षी त्यांनी वाईन घातली नाही.

पुढच्या वर्षी त्याने स्वतःच विषय काढला. आपल्यामुळे घरातला रिवाज मोडू नये, परंतु तीन गोष्टी पाळाव्यात, असे त्याचे म्हणणे पडले. बाटली जेवणानंतरच उघडावी. आग्रह कोणी कोणाला करू नये, त्याला तर नाहीच, इतरांनाही नाही. आणि कोकमच्या सरबताचा जग टेबलाच्या मध्यावर असावा, कोपऱ्यात नव्हे. कोकमचा रंगही तांबडाच, म्हणून तो आपला पेला स्वतःच्या हाताने ओतून घेतो. केक रममध्ये भिजवलेल्या फळांचा आहे काय, हेही तो विचारून घेतो. आता दोन केक होतात, आणि संत्र्याच्या रसात भिजवलेल्या फळांचा केक आधी संपतो. वाईन उघडली की तो मुलांना घेऊन गोठा पाहावयास चर्चमध्ये जातो. त्या अर्ध्या तासात आम्ही चाखतो, आणि तो परतला की पेले विसळलेले असतात.

आजकाल काकींचा हात थरथरतो, बरणी त्यांना उचलत नाही. भाचीने त्यांची कृती वहीत उतरवून घेतली आहे. फ्लॅटमध्ये बरणी ठेवावयास जागा नाही, कायद्याची शंका आहे, आणि दुकानात बरी बाटली मिळते. त्यामुळे आणखी काही वर्षांनी ती वही केवळ आठवण म्हणून राहील, अशीही शक्यता आहे. त्याचे वाईट वाटते, परंतु फार नाही. मनुकांच्या जागी नाशिकची द्राक्षे येतील, त्यांच्या जागी चिकू किंवा सफरचंद. जपावयाचे आहे ते त्या बुटक्या पेल्याचे माप, आणि ज्याने पेला घेतला नाही त्यालाही टेबलाच्या मध्यावर जागा ठेवण्याची रीत.