नवे दिवे घेण्याआधी हे वाच

सिल्व्हासा,
नोव्हेंबर

प्रिय शुभदा,

फोनवर तू म्हणालीस ना, की मस्कतचा शोरूमवाला दोन्ही हेडलाइट बदलाच म्हणतोय? थांब जरा. आमच्या जुन्या गाडीचे पिवळे पडलेले दिवे मी नुकतेच घासून घेतले. गाडीला पंधरा वर्षं होत आली, पुन्हा पासिंगला न्यायची आहे आणि तिथे दिव्यांचा झोत बघतात. पण खरं निमित्त खानवेलचा रस्ता. दुधनीहून परतताना दिवेलागण झाली की वळणावर पुढे डांबर आहे की झाडी, काही कळेना. आमच्या ह्यांनी बल्ब बदलून पाहिले. प्रकाश होता तेवढाच.

तुझ्या बाबांच्या प्रीमियर पद्मिनीचे गोल दिवे आठव. अस्सल काच. दगड बसला तर फुटायची, पण पिवळी पडली नाही कधी. आताच्या दिव्यांना आपण काच म्हणतो, असतं ते पॉलिकार्बोनेट. जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी ते १९५३ मध्ये शोधलं. (म्हणजे आमच्या सिल्व्हासातून पोर्तुगीज गेले त्याच्या आदल्या वर्षी!) हलकं, सहसा फुटत नाही, हव्या त्या आकारात ओतता येतं. फक्त उन्हाशी त्याचं जमत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, कडक थर चढवतात. खरी राखण करतो तो थर. काही वर्षांनी तो उन्हाने मरतो, पोपडे धरतो आणि खालचं प्लॅस्टिक उघडं पडतं. आभाळाकडे तोंड असलेला वरचा भाग आधी पिवळा होतो, बघ तुझ्या गाडीला.

अमेरिकेतल्या ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने २०१८ मध्ये मोजून पाहिलं होतं. असे धुरकटलेले दिवे नव्याच्या जेमतेम २० टक्के उजेड देतात आणि नीट घासून घेतले तर साधारण ७० टक्क्यांपर्यंत येतात. नव्यासारखे नाहीत, पण रस्ता दिसतो.

काम मी उभी राहून पाहिलं. पेंटरने आधी दिवा धुतला, मग बंपर-बॉनेटच्या कडेला मास्किंग टेप लावली. नंतर ८०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आडवा फिरवला. गंध उगाळल्यासारखं पिवळसर पाणी ओघळायला लागलं. तो मेलेला थर! पाणी पांढरं येईपर्यंत त्याने पेपर बदलला नाही. पुढे १०००, १५००, २०००, प्रत्येक वेळी आधीच्या पेपरचे ओरखडे जाईपर्यंत. इथे दिवा आणखीच दुधाळ दिसतो आणि आपल्या पोटात गोळा येतो. मग कंपाउंड लावून बफिंग मशीन फिरवलं आणि आतला बल्ब लख्ख दिसायला लागला.

मी पर्स उघडली, तर म्हणतो, “बेन, आटलाथी छोडी दो तो थोडा महिनामां पाछुं पीळुं.” म्हणजे एवढ्यावर सोडलं तर थोड्या महिन्यांत पुन्हा पिवळं. अगदी बरोबर. घासताना उरलीसुरली राखणही आपणच काढून टाकलेली असते. तो वर टू-के क्लिअर मारतो, म्हणजे हार्डनर मिसळलेला, ऊन सोसणारा पारदर्शक थर. पावसाळ्यात मात्र हे काम तो घेतच नाही. आमच्याकडे हवेत इतका ओलावा असतो की क्लिअर पांढुरका पडतो. आणि फवारताना चांगला मास्क हवाच, ते हार्डनर छातीला वाईट. फवारा नको असेल तर पारदर्शक फिल्म चिकटवतात, तीही चालते. वॅक्स लावलंस तर दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी ठेव.

शेजारच्या काकांचा टूथपेस्टवर भारी विश्वास. चमक येते, खोटं कशाला बोलू! पण तीही घासण्याचाच प्रकार, त्यात राखण शून्य, आणि चार पावसांत दिवा पुन्हा मूळपदावर. त्याहून सावध राहायचं ते वाफेवाल्यापासून. एका कपात रसायन तापवून त्याची वाफ दिव्यावर सोडतात, क्षणात आरसा. वरचं प्लॅस्टिक विरघळवून ती चमक आणलेली असते. पुढे बारीक तडे जाऊ शकतात आणि ती वाफ माणसालाही घातक. मला एकाने स्वस्तात करून देतो म्हटलं, मी हात जोडले. घरीही थिनर किंवा पेट्रोलचा बोळा फिरवू नकोस.

आधी एवढं बघ: धुरकटपणा बाहेरून आहे ना? आत पाणी साचलं असेल किंवा आतला चकाकणारा मुलामा काळवंडला असेल, तर वरून कितीही घास, व्यर्थ. मग शोरूमवाल्याचं ऐक. नाहीतर तुझ्या मस्कतच्या उन्हात गाडी सावलीत लावणं हाच पहिला उपाय. आणि घासून घ्यायला गेलीस की कारागिराला भाव विचारण्याआधी विचार, “घासून झाल्यावर वर काय मारणार?” नुसतं ‘पॉलिश’ म्हणाला, तर गाडी वळव आणि दुसरं दुकान गाठ.

तुझी,
मीना