कंसातला सहसचिव

डहाणू-तलासरीतून कॉलेजला जाणाऱ्या काही मुलामुलींनी यंदा स्वतःचे विद्यार्थी मंडळ काढायचे ठरवले आहे. त्यांच्यातल्या एकाने मला मोबाइलवर अकरा पदांची यादी पाठवली आणि विचारले, "सर, प्रत्येकापुढे जबाबदारी काय लिहू?" अध्यक्ष, दोन उपाध्यक्ष, सचिव, दोन सहसचिव, खजिनदार, महिला प्रतिनिधी वगैरे. दुसऱ्या सहसचिवापुढे कंसात लिहिले होते, "मुस्लिम".

त्या कंसात मीही एक वर्ष काढले आहे.

तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, तो 2014 साली झाला. प्रत्येक मोठ्या कामाला ठाणे गाठावे लागे. लोकलही डहाणूपर्यंत येत नव्हती, आम्ही शटलने जायचो. 1994 च्या विद्यापीठ कायद्याने कॉलेजातल्या निवडणुका बंद झाल्या होत्या आणि मागच्या परीक्षेत वर्गात पहिला आलेला आपोआप वर्गप्रतिनिधी होत असे. तो बिचारा अभ्यासातून डोके वर काढत नसे. शिष्यवृत्ती अडकली, पास मिळाला नाही, तर जायचे कोणाकडे? म्हणून आम्ही गाडीतल्याच चाळीसेक जणांनी मंडळ काढले.

पदे वाटली ती समाज बघून. निम्म्याहून जास्त पोरे वारली, पण अध्यक्ष डहाणू गावातला. वारल्यांना एक उपाध्यक्षपद, मुलींना महिला प्रतिनिधी, आणि मी सहसचिव. पाहुणे आले की अध्यक्ष सांगायचे, "आमच्यात सगळ्या समाजाचे आहेत," आणि मी उठून उभा राहायचो. वारली मुलांनी तारपा वाजवायचा, मुलींनी रांगोळी काढायची. ईदला शिरखुर्मा माझ्याकडे. यापलीकडे माझे काम काय, हे मला वर्षभर कोणी सांगितले नाही.

काम करत होती ती तलासरीकडची एक वारली मुलगी. तिला पद नव्हते. जातीच्या दाखल्यासाठी डहाणूला प्रांत ऑफिसात खेपा तीच घालायची, इतरांचे फॉर्मही तीच भरायची. दुसऱ्या वर्षी पहिल्याच बैठकीत तिने वहीवर चार ओळी लिहिल्या: दाखल्यांसाठी ऑफिसात कोण जाणार, पैसे कोण सांभाळणार, ठरलेले कोण लिहून ठेवणार, प्राचार्यांशी कोण बोलणार. म्हणाली, आधी यापुढे नावे टाका, मग पदे काय द्यायची ती द्या. बरीच कुरकुर झाली, पण नावे पडली. पैसे माझ्याकडे आले.

माझे अब्बा मोहल्ल्यातल्या जमातीचा हिशेब ठेवायचे. त्यांनी मला दोन गोष्टी बजावल्या. वर्गणीचे पैसे स्वतःच्या खिशात घरच्या पैशांबरोबर एक रात्रही ठेवायचे नाहीत, आणि पावती फाडल्याशिवाय रुपयाही घ्यायचा नाही. "ही अमानत आहे. तू खरा आहेस हे तुला माहीत असून चालत नाही, लोकांना दाखवता आले पाहिजे." मी बिस्किटाचा डबा केला आणि दर शनिवारी दोघांनी मोजायचे ठरवले.

दिवाळीनंतर एकदा 180 रुपये कमी भरले. सगळ्यांच्या नजरा आधी माझ्याकडे वळल्या. इतरांकडे न जाता माझ्याकडेच का, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मागून एक जण हळूच बोललादेखील, "म्हणून म्हणत होतो..." पुढचे त्याने गिळले. मी काही बोललो नाही. पावतीपुस्तक मधे ठेवले. स्थळप्रती उलटल्या तेव्हा दिसले की एका मुलाने गाडीत वर्गणी गोळा करून पावत्या दिल्या होत्या, डब्यात मात्र पैसे टाकले नव्हते. त्याने सोमवारी आणून दिले. विषय संपला. सहसचिव म्हणून मी त्या दिवशी काय दाखवले असते?

आमच्या भागाला हे नवे नाही. मे 1945 मध्ये तलासरीजवळ झरीला वारल्यांची मोठी सभा झाली, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या पुढाकाराने. वेठ करायची नाही आणि लग्नाच्या कर्जापायी सावकाराकडे गुलाम होऊन राहणारा लगीनगडी यापुढे राहायचा नाही, असे ठरले. पुढे गवत कापणीच्या मजुरीची मागणी आली, 500 पौंडांना अडीच रुपये. तिच्यात कोणाला कसला संशय घेता येईल? वजन करा, पैसे मोजा. 10 ऑक्टोबर 1945 ला तलवाड्यात गोळीबार झाला, पाच आदिवासी गेले, तरी संप टिकला. त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते. आपल्याला काय करायचे आणि काय नाकारायचे, हे मात्र प्रत्येकाला पाठ होते.

2016 च्या नव्या विद्यापीठ कायद्यात अध्यक्ष, सचिव, एक विद्यार्थिनी आणि आरक्षित गटांतला एक आळीपाळीने, अशी निवडून द्यायची पदे आहेत. आदिवासी मुलाला किंवा मुलीला हक्काची जागा मिळते, हे चांगलेच. पण जागा कायदा देतो, काम मंडळाला द्यावे लागते. 2018 साली आदिवासी वसतिगृहांतली खाणावळ बंद करून जेवणाचे पैसे खात्यात टाकायचे ठरले, तेव्हा मुले पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. अशा वेळी पैसे कोणत्या महिन्यात किती दिवस उशिरा आले, याची तारीखवार वही ज्याच्याकडे असेल, त्याच्याशी साहेबाला वेगळे बोलावे लागते. ती वही ठेवणाऱ्याचे पद कुठलेही असो.

त्या मुलाला मी कळवले आहे की अकरांतली पाच पदे आधी काढ. सहसचिव ठेवायचाच असेल तर बैठकीचे इतिवृत्त त्याच्याकडे दे आणि पुढच्या बैठकीत ते त्यालाच वाचायला लाव. महिला प्रतिनिधीकडे रांगोळी नको, मुलींच्या शेवटच्या एसटीच्या वेळेचा पाठपुरावा दे. तिसऱ्या वर्षाची मुले परीक्षेनंतर गावाला जातात, कामाला लागतात, परत भेटत नाहीत. तेव्हा मार्चमध्येच वह्या, पावतीपुस्तके आणि डबा दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे मोजून द्या, सही घ्या.

कंसाबद्दल मी काही लिहिले नव्हते. त्याचे उत्तर आले, "सर, तो मुलगा हिशेबात पक्का आहे. त्याला खजिनदार करू का?"