वाकडा मोर

आमचे जावई इचलकरंजीला कापडाच्या प्रोसेसमध्ये कामाला आहेत. गेल्या दिवाळीला ते लेकीला आमच्याकडं सोडायला आले. पहिलटकरीण, सातवा सरलेला. निघताना त्यांनी पिशवीतनं एक छापील कापड काढलं. सुती होतं. मधोमध मोर, भोवतीनं वेलबुट्टी आणि कडेला दोन बोटं रुंदीची लाल चौकट. "मामी, बाळाच्या वाकळंला वरनं लावा," म्हणाले. "सेकंडचा माल हाय, म्हणून स्वस्तात मिळाला."

सेकंड म्हणजे काय ते आम्ही विचारलं नाही. मोर झ्याक होता.

वाकळ शिवायचं आमच्या मंडळींनी आधीच मनात धरलं होतं. आत घालायला आक्काची दोन लुगडी होती. आक्का म्हणजे माझी आई. तिला जाऊन तीन वर्षं झाली. लुगडी धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली की मुठीत मावावीत. लहान लेकराच्या अंगाला नवं कापड टोचतं, जुनंच पाहिजे. म्हणून खाली लुगडं, मध्ये लुगडं आणि वर हा मोर, असा बेत ठरला.

ओसरीवर लुगडी अंथरून वर कापड टाकलं तेव्हा घोळ ध्यानात आला. डावीकडं चौकट बरोबर बसवली की उजवीकडं ती खाली सरकायची. उजवी बसवली की डावी वर. मोर तर चढाला लागल्यासारखा दिसायला लागला. मंडळी मागं सरून बघत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आवं, कापाड वाकडं हाय का मला दिसंना झालंय?" त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, दुसरा राहिलाय. त्यामुळं त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता.

मी टेप आणला. रुंदी पंचेचाळीस इंच, वर आणि खाली सारखीच. लांबी साठ, दोन्ही बाजूंनी सारखी. मग वाकडं कुठनं? तेव्हा मला गवंड्याची आठवण झाली. घराचा पाया आखताना गवंडी नुसत्या चार बाजू मोजत नाही, तो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी दोरी लावतो. दोन्ही तिरक्या दोऱ्या सारख्या भरल्या तरच खोली गुण्यात. दहावीला पायथागोरसचा सिद्धांत मी तोंडपाठ केला होता, पण तीन हात, चार हात आणि पाच हात ही काय भानगड आहे ते मला आमच्या वस्तीवरचं घर बांधताना कळलं. पंचेचाळीस आणि साठ म्हणजे तेच तीन आणि चार. तिरकं माप पंचाहत्तर यायला पाहिजे. एक कर्ण भरला साडेशहात्तर आणि दुसरा साडेत्र्याहत्तर.

"तुझा डोळा बरोबर हाय," मी म्हणालो. "कापाडच कललंय."

मला वाटलं, असू दे. बाळाला काय कळतंय? तसं बोललोही. मंडळी काही बोलल्या नाहीत. कापडाची घडी घातली आणि आत गेल्या. त्यांचं ते गप्प राहणं मला ओळखीचं आहे.

आमचं लग्न १९८३ सालातलं. त्या वर्षी आखाडात घरात बसून त्यांनी पहिली वाकळ शिवली होती. माहेरी त्या शिवणकाम फारसं शिकल्या नव्हत्या. आमच्या आक्काची वाकळ मात्र साऱ्या वाडीत नावाजलेली. ७२ च्या दुष्काळात दिवसभर रस्त्यावर खडी फोडून आलेली बाई रात्री चिमणीच्या उजेडात धावदोरा घालायची, आणि तो रेघ मारल्यासारखा सरळ जायचा. तिनं सुनेची वाकळ उलगडून बघितली. फेऱ्या वाकड्या गेल्या होत्या. आक्का एक शब्द बोलली नाही. शेजारणी दळायला, निवडायला बसलेल्या, त्यांच्या देखत तिनं सगळी वाकळ उसवली आणि दोरे गोळा करून सुनेच्या हातात दिले. मी तेव्हा दारात बैलाची वेसण वळत होतो. मी बघितलं आणि वेसण वळत राहिलो. त्यावर आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही. चाळीस वर्षांत मंडळींनी पंचवीस-तीस वाकळा तरी शिवल्या असतील आणि शेवटी शेवटी आक्कासुद्धा त्यांचीच वाकळ मागून घ्यायची. पण आता आक्काची लुगडी आत घालून वर वाकडा मोर लावायचा, हे त्यांना का नको होतं ते मला त्या रात्री उमगलं.

सकाळी मी जावयांना फोन लावला. त्यांनी नीट समजावून सांगितलं. छपाई झाल्यावर कापड एका लांबलचक मशिनीतनं जातं, तिला स्टेंटर म्हणतात. दोन्ही काठ धरून, ताणून, गरम हवेनं ते वाळवतात. त्यात एक काठ पुढं पळाला की आडवा दोरा तिरका होतो आणि त्याच्यासंगं चित्रही कलतं. "मामा, दोरा आणि चित्र दोन्ही मिळून कललं असंल तर वढून सरळ येतंय. पण दोरा सरळ आणि छपाईच वाकडी असंल तर कितीबी वढा, काय उपेग न्हाई." पॉलिस्टर मिसळलेलं असेल तरी येत नाही म्हणाले, ते गरम होऊन एकदा बसलं की बसलं.

मग परीक्षा. मंडळींनी वरच्या कडेला कात्रीनं काठ जरासा कापला आणि दोन्ही हातांनी कापड फाडलं. सुती कापड आडव्या दोऱ्यानंच फाटत जातं. फाटलेली कड आणि लाल चौकट जवळजवळ बरोबरीनं चालली होती, शेवटाला अर्ध्या इंचाचा फरक. म्हणजे दोरा कलला होता, आणि छपाईतही थोडी खोट होती. दोन इंचांतला दीड इंच आमच्या हातात होता.

कापड पाण्यात भिजवलं. खळ निघाली तसं ते हाताला मऊ लागायला लागलं. रंग गेला नाही, हे नशीब. मग जो कर्ण आखूड होता त्याची दोन टोकं आम्ही दोघांनी धरली आणि ओढायला लागलो. मी ओढलं ते नांगराला जुंपल्यासारखं. फर्र असा आवाज झाला. कोपरा माझ्या मुठीत फाटला, चीर लाल चौकटीत चार बोटं आत गेली.

मी तसाच उभा. मंडळींनी चीर बघितली, माझ्याकडं बघितलं आणि त्यांना हसूच आलं. "बैल न्हवं त्यो," म्हणाल्या. "मोर हाय."

मग त्यांनी दाखवलं तसं केलं. नुसता कोपरा ओढायचा नाही, त्यानं कोपऱ्याला कान फुटतात. मूठभर अंतरावर धरत धरत, कापडाच्या अंगानं तिरकं पुढं सरकत यायचं, थोडं ओढायचं, सोडायचं, परत धरायचं. तीनदा केलं. प्रत्येक वेळी मी टेप लावत होतो. तिसऱ्या वेळी एक कर्ण पंचाहत्तराला थोडा वर, दुसरा थोडा खाली. दोरीवर टाकलं असतं तर भारानं परत झोळ आला असता. म्हणून माडीवर सावलीत ओल्या चादरीवर पसरलं, कडेनं खडे ठेवले. वाळल्यावर इस्त्री फिरवली तीसुद्धा उभी आणि आडवी, तिरकी नाही.

उरलेल्या अर्ध्या इंचाचं काय, यावर आमचा वाद झाला. माझं म्हणणं, दोऱ्यावर कापावं. त्या म्हणाल्या, "दोरा कुणाला दिसतोय? चौकट दिसती." आणि चौकटीवर कापलं. वाकळंचा धावदोरा कडेपासून फेरी घालत आत येतो, पहिली फेरी जशी जाईल तशीच सगळी वाकळ जाते. म्हणून त्यांनी लुगड्याच्या हिरव्या काठाची आठ इंची पट्टी चारी बाजूंनी जोडली. एका टोकाला जरा जास्त दाबली, तिथं तो अर्धा इंच मुरला. माझी चीर थोडी पट्टीखाली गेली, राहिली तिच्यावर लुगड्याचं ठिगळ बसलं.

महिनाभर दुपारची शिवण चालली. सुईत दोरा ओवायचं काम माझ्याकडं. पाच-सहा दोरे मी सकाळीच ओवून उशीला टोचून ठेवायचो, मग पाणी द्यायला जायचो.

माघात नात झाली. महिनाभरानं लेक सासरी निघाली तेव्हा मंडळींनी वाकळ ओसरीवर अंथरली, चारी कोपरे हातानं दाबून बघितले. मी टेप आणू का म्हणून विचारलं.

"नगं," म्हणाल्या. "आक्कांनी उसवली नसती ही."

आणि घडी घालून लेकीच्या पिशवीत ठेवली. एष्टी साडेअकराची होती.