काळूचे सोने झाले

आमच्या घरी एक मासा आहे. त्याचे नाव काळू. पण तो काळा नाही! पाहुणे हसतात, म्हणून त्याची हकिकत लिहिते.

गेल्या दिवाळीला मामाने शहरातून दोन गोल्डफिश आणले. एक तांबडा आणि एक काळा कुळकुळीत. काळ्याचे डोळे बेडकासारखे बाहेर आलेले आणि शेपटी दुहेरी. मामा म्हणाला, "ह्याला ब्लॅक मूर म्हणतात. हा पण गोल्डफिशच." आजी म्हणाली, "सोनेरी मासा म्हणतोस आन् हा तर तव्याच्या बुडावानी!" तेव्हापासून तो काळू.

आम्ही दोघांना लोणच्याच्या बरणीत ठेवले. चौथ्या दिवशी पाणी गढूळ झाले. मी सगळे पाणी ओतून टाकले आणि नळाचे ताजे पाणी भरले. मला वाटले, मासे खूश होतील. त्याच दिवशी गावच्या टाकीत टीसीएल पावडर टाकली होती. संध्याकाळी तांबडा मासा उलटा तरंगत होता. मी खूप रडले. त्याला परसात पुरले.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "टीसीएलमधल्या क्लोरीनने पाण्यातले जंतू मरतात, पण माशाचे कल्लेही भाजतात. पाणी बादलीत एक-दोन दिवस उघडे ठेवावे, मग घालावे. सगळे पाणी एकदम बदलू नये, पाव भागच बदलावे. आणि बरणी फार लहान आहे. माशाच्या घाणीने तिच्यातले पाणी लवकर विषारी होते." मग बाबांनी परसातला जुना हौद घासून दिला. काळू त्यात राहू लागला. डासांच्या अळ्या तो मटामट खाई.

उन्हाळ्यात मी पाहिले तर काळूचे पोट पिवळे! मला धडकीच भरली. मी परत काही चूक केली का? दोन दिवस मी कोणालाच सांगितले नाही. जेवणही गोड लागेना. शेवटी गुरुजींकडे गेले. गुरुजी हसले आणि त्यांनी एक पुस्तक काढून दिले.

त्यात लिहिले होते की गोल्डफिश मूळचा चीनचा. तो कार्प कुळातला, म्हणजे आपल्या रोहू आणि कटल्याचा भाऊबंद. हजार वर्षांपूर्वी तिथल्या लोकांनी करड्या माशांतून सोनेरी मासे निवडून तळ्यात पाळले. त्यातूनच पुढे नाना जाती झाल्या. काळूच्या जातीला टेलिस्कोप म्हणतात. चीनमध्ये त्या डोळ्यांना ड्रॅगनचे डोळे म्हणतात. जपानमध्ये ह्या माशाला देमेकिन म्हणतात. ह्या जातीत तांबडे, तांबडे-पांढरे, काळे-पांढरे आणि अनेक रंगांचे ठिपके असलेले कॅलिको मासेही असतात. सगळ्यांत प्रसिद्ध काळा मूरच.

गंमत म्हणजे काळा मूर जन्मतः काळा नसतो! पिले तपकिरी असतात आणि डोळेही साधेच असतात. काही महिन्यांनी डोळे बाहेर येतात आणि अंग काळे होते. काही मूर जन्मभर काळे राहतात. काहींच्या कातडीतला काळा रंग वय वाढले की उतरतो आणि खालचा सोनेरी रंग दिसू लागतो. तो आजार नव्हे. मासा खातो, पोहतो, तर काळजी नको.

एवढे वाचून मी पळतच घरी आले. काळू मजेत पोहत होता.

ह्या माशांना नीट दिसत नाही, हेही पुस्तकात वाचले. म्हणून हौदातले टोकदार दगड मी काढून टाकले. डोळ्याला लागले तर डोळा जातो. चपळ माशांबरोबर त्यांना ठेवू नये, कारण ते खाणे पळवतात आणि हा बिचारा शोधत बसतो.

आता काळूच्या पाठीवर फक्त एक काळी रेघ उरली आहे. आजी म्हणते, "माझं केस काळ्याचं पांढरं झालं, ह्याचं मातुर काळ्याचं सोनं झालं!" नाव मात्र आम्ही बदलले नाही.

तांबडा मासा परत येणार नाही. त्याचे मला अजून वाईट वाटते. आमच्या हौदाजवळ आता नेहमी पाण्याची एक बादली भरलेली असते. तिला कोणी हात लावायचा नाही, असे मी घरात सांगून ठेवले आहे. तुमच्याकडे कोणी मासा आणला, तर आधी बादली भरून ठेवा.

— इयत्ता सातवी