तहान मारायची तरी किती?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल. परगावी लग्नाला जायचंय, एस.टी.चा चार-पाच तासांचा प्रवास आहे, तर त्या दिवशी सकाळपासून तुम्ही पाणी किती पिता? अर्धा कप चहा घेतलात तरी पुष्कळ, नाही का? कारण वाटेत 'जायची' पंचाईत. स्टँडवरच्या त्या मोऱ्यांची नुसती आठवण झाली तरी नको वाटतं. मुलांपुढे आपण दर अर्ध्या तासाला बाटली धरतो आणि स्वतः कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बसतो. संध्याकाळी मुक्कामाला पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागतं. मग एक गोळी. झालं!

आपलं हे वर्षातून चार वेळा होतं. ज्या बायका वर्षातले पाच-सहा महिने रोज अशी तहान मारतात, त्यांच्याविषयी आज लिहायचंय.

आमचा बीड जिल्हा ऊसतोड्यांचा. दसरा-दिवाळी झाली की केज, धारूर, पाटोदा, आष्टी, शिरूरकडची गावंच्या गावं रिकामी होतात. ट्रक-ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, शेळ्या, लेकरं लादून माणसं सांगली-कोल्हापूरकडे, पुण्या-साताऱ्याकडे, पार कर्नाटकात बेळगावपर्यंत जातात ती पाडव्याच्या आगेमागे परततात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता', असा मुकादमाचा हिशेब. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल मिळते ती कोयत्यावर. बाईची मजुरी म्हणून वेगळी काही धरत नाहीत.

माझ्याकडे धुण्याभांड्याला येणारी बाई अशी पंधरा वर्षं तोडीला गेली. (नाव लिहीत नाही, तिला आवडायचं नाही.) आता जात नाही, कारण नवरा डायलिसिसवर आहे. माणूस चाळिशीच्या आतला, काटक. साखर नाही, बी.पी. नाही, दारूचं व्यसन नाही. दोन वर्षांपूर्वी हंगामावरून आला तो भूक लागत नाही, मळमळतं म्हणत. महिना-दीड महिना पित्ताची औषधं झाली. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं, तर दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेलेली. आता आठवड्यातून दोनदा सुया टोचून घ्यायच्या. उपचार सरकारी योजनेतून फुकट होतात, पण गावाहून येण्याजाण्याचं भाडं फुकट नसतं. म्हणून इथं अंबाजोगाईत एक खोली घेऊन ती राहिली आणि चार घरची कामं धरली.

त्या माणसाला आता दिवसाचं पाणी मोजून द्यावं लागतं. लघवीच होत नाही, तर प्यालेलं पाणी जाणार कुठं? अंगावर चढतं, छातीत साठतं. ती मला म्हणाली, "फडात पानी मिळंना म्हनून तहान मारली, आता पानी हाय तर डाक्टर पिऊ देईना."

आणि एक दिवस भांडी घासता घासता थांबून विचारलंन, "ताई, त्या पान्यातच काही असंल का? पोराला बी व्हईल का?"

पोरगा एकोणीस वर्षांचा. बापाच्या जागी यंदा चुलता-चुलतीच्या टोळीत अर्धा कोयता म्हणून जायचं ठरलंय. उचल घेऊनही झाली आहे. तेव्हा हा प्रश्न काही उगाच केलेल्या गप्पांमधला नव्हता.

मी डॉक्टर नाही. पण माझा भाचा आहे. त्याच्या मागे लागून, मिळेल ते वाचून, महिनाभरात जे समजलं ते तिला सांगितलं. तेच तुम्हांलाही सांगते.

आपली मूत्रपिंडं म्हणजे मुठीएवढ्या दोन गाळण्या, पाठीत बरगड्यांखाली. दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवी होऊन बाहेर पडतो. बाकीचं सगळं शरीर परत घेतं. इतकी काटकसर आपल्यातल्या कुठल्या गृहिणीला जमेल? ती बिघडण्याची नेहमीची कारणं दोन, मधुमेह आणि रक्तदाब. पण जगात काही मुलूख असे आहेत की तिथं ही दोन्ही कारणं नसताना ऐन उमेदीतल्या शेतकऱ्या-मजुरांची मूत्रपिंडं जातात. या आजारात आधी खराब होतात त्या आतल्या बारीक नळ्या. त्यामुळे सुरुवातीला ना अंगावर सूज, ना लघवीतून फारसं प्रथिन जात. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आंध्र प्रदेशात श्रीकाकुलम जिल्ह्यात समुद्रकाठी उद्दानम नावाचा भाग आहे. नारळ-काजूच्या बागांचा, हिरवागार. १९९० नंतरच्या काळात तिथल्या घराघरांतून असे रुग्ण निघायला लागले. पाणी तपासलं, माती तपासली, भात तपासला. एकच एक कारण अजून ठरलेलं नाही. २०२३ साली तिथं पलासा गावी किडनीचं रुग्णालय आणि संशोधन केंद्र झालं आणि धरणाचं पाणी नळानं गावांना द्यायची योजना आली. श्रीलंकेत अनुराधापूरच्या बाजूला भातशेती करणाऱ्यांत तेच. तिथं संशय कशाकशावर घेतला म्हणता? जड पाण्यावर, त्यातल्या फ्लोराइडवर, कॅडमियमवर, तणनाशकावर. ॲल्युमिनियमच्या हलक्या पातेल्यांवरसुद्धा! २०१५ साली सरकारनं एका तणनाशकावर बंदी घातली, पुढे उठवली.

आपल्या महाराष्ट्रातही अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. वर काळी कसदार जमीन आणि खाली खारट पाणी. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या गावांतून मूत्रपिंडाच्या रुग्णांबद्दल वर्षानुवर्षं ओरड आहे, आणि तिथले लोक बोट पाण्याकडेच दाखवतात.

कारण सापडायला किती काळ लागतो याची एक गोष्ट मला फार चटका लावून गेली. ती आपल्या स्वयंपाकघरातली आहे म्हणूनही असेल. युरोपात डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी, बल्गेरिया, सर्बिया, क्रोएशियाकडे, खेडुतांची मूत्रपिंडं अशीच निकामी व्हायची. १९५० नंतर डॉक्टरांचं लक्ष गेलं. पाण्यावर संशय, बुरशीवर संशय, सगळं झालं. पन्नासेक वर्षांनी धागा लागला तो पिठाशी! गव्हाच्या शेतात आपल्याकडच्या सापसंदाच्या जातीतलं एक तण वाढायचं. त्याचं बी गव्हाबरोबर मळलं जायचं, दळलं जायचं आणि रोजच्या पावात जायचं. त्या बियांत मूत्रपिंडाला विषारी असं द्रव्य असतं. धान्य निवडत बसलेल्या बाईला 'वेळ घालवते' म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

पण बीडच्या माणसांशी सगळ्यांत जवळचं नातं लागतं ते मध्य अमेरिकेतल्या लोकांचं. एल साल्वादोर, निकाराग्वा हे देश तिकडे, जगाच्या पलीकडच्या टोकाला, पण काम हेच, ऊसतोड. २००२ साली एल साल्वादोरच्या राजधानीतल्या डॉक्टरांनी छापून सांगितलं की आपल्याकडे डायलिसिसला येणाऱ्या नव्या रुग्णांपैकी दोन तृतीयांशांच्या आजाराचं नेहमीचं कारणच सापडत नाही. बहुतेक पुरुष, किनाऱ्याकडच्या सखल गरम भागातले, शेतात राबणारे. निकाराग्वात एका वस्तीचं नावच 'विधवांचं बेट' पडलं.

तिथं तपासत गेल्यावर असं दिसलं की गारव्याला, उंचावर काम करणाऱ्यांत हा आजार कमी; खाली उन्हात तोडणाऱ्यांत जास्त. उन्हात अंगमेहनत, घाम भरमसाट, पाणी थोडं. अशा वेळी मूत्रपिंड उरलंसुरलं पाणी धरून ठेवायला जिवाचा आटापिटा करतं आणि दुखावतं. रात्री थोडं सावरतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. असे पाच-सहा महिने, अशी दहा वर्षं. जखमेवर जखम होऊन आत वण धरतात. भरीला अंग दुखतं म्हणून रोजची दुखणंमार गोळी. कोरड्या पडलेल्या शरीरात ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी करते. पाणी-माती-फवाऱ्यांचा यात काही हात आहे का यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे, आणि तो असावाही. पण निकाराग्वातल्या एका कारखान्यानं तोडणाऱ्यांना पाणी, ठरलेल्या वेळी विसावा आणि सावली देऊन पाहिली, तेव्हा हंगामात मूत्रपिंडाला इजा होणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. त्यासाठी काही सगळे वाद मिटायची वाट पाहावी लागली नाही.

आता आपल्या फडातला दिवस पाहा. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या बडवते. दिवस उगवायच्या आत तोड सुरू. नवरा तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढते. हंगामाची सुरुवात थंडीत होते खरी, पण शेवट होतो फाल्गुन-चैत्राच्या उन्हात, आणि तोवर अंग पिळून निघालेलं असतं. विसाव्याची सुट्टी नाही. एक दिवस बुडाला तर खाडा, त्याचे पैसे कापणार. पाणी जवळच्या विहिरीचं, पाटाचं, मिळेल ते.

आणि मैत्रिणींनो, मिळालं तरी ती पीत नाही! मी विचारलं तेव्हा ती हसली. "ताई, पानी पिलं की जावं लागतं. ऊस तुटला की आडोसा कुठंय? बाप्ये असतात. मग दुपारपर्यंत ओठच वले करायचे."

कोप्यांवर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या दिवसांतही तेच काम. लघवी धरून धरून जळजळ, अंगावर पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं. पुढे 'पिशवीच काढून टाका' हा सल्ला. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली, तेव्हा बीडच्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली निघाली. पिशवीची चर्चा झाली, व्हायलाच हवी होती. पण त्याच बाईच्या पाठीतल्या त्या दोन गाळण्यांचं काय, हे कुणी विचारलेलं माझ्या तरी कानावर आलं नाही. तिकडच्या देशांत हा आजार मुख्यतः पुरुषांना होतो म्हणतात. आपल्याकडे तर बाई जोडीनं कोयत्यावर असते आणि वर पाणीही नवऱ्यापेक्षा कमी पिते. 'पर्यावरण' म्हटलं की आपल्याला माती-पाणी-हवा आठवते. आडोसा नसणं हेही माझ्या मते त्यातच धरायला पाहिजे.

घरच्या पाण्याचंही सांगते, कारण बोअरचं पाणी आपल्यापैकी पुष्कळजणी वापरतो. पाणी उकळलं की जंतू मरतात. क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट पाणी आटेल तसे दाट होतात. तुरटीनं गाळ बसतो, फ्लोराइड घरच्या घरी तेवढ्यानं निघत नाही. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चांगलं, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत चालवून घ्यावं, असं आपलं भारतीय मानक आहे. यवतमाळ जिल्ह्यात, नांदेडच्या किनवटकडे ते जास्त झाल्यानं दात पिवळे-तपकिरी पडलेली, हाडं आखडलेली माणसं आहेत. चव घेऊन हे कळत नाही. पाणी तपासून घ्यावं लागतं, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते तपासून मिळतं.

आमच्या महिला मंडळात मी हे सगळं सांगितलं, तर चर्चा लगेच फिल्टर कुठला घ्यावा याच्यावर गेली. मग मी विचारलं, "आपल्याकडे कामाला येणाऱ्या बायका सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत चार घरं करतात. त्या मधल्या वेळात जातात कुठं?" दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग एकीनं 'आमच्याकडे मागचा संडास आहे ना' म्हटलं, दुसरी म्हणाली 'पण सासूबाईंना चालत नाही', तिसरीनं चहाचे कप गोळा करायला घेतले. तूर्त आमच्या गल्लीतल्या सात घरांनी बायकांना तोंडानं स्पष्ट सांगितलंय की संडास वापरा, विचारायचं नाही. सात का होईना. माझ्या सासूबाईंनी, पंच्याहत्तरीला, कुरकुर न करता पितळी तांब्या-भांडं बाहेरच्या ओट्यावर भरून ठेवायला सुरुवात केली.

आणि त्या पोराचं? मुकादमाला त्याच्या चुलत्यानं सांगून पाहिलं, 'दुपारी तासभर सावलीत बसू द्या.' मुकादम म्हणाला, 'बसा की, गाडी भरून झाल्यावर.' तेव्हा आमच्या हातात होतं तेवढं केलं. पाच लिटरचा कॅन दिला, वर गोणपाट शिवून, ओला केला की पाणी गार राहतं. मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण त्याच्या चुलतीकडून घोकून घेतलं, एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंगदुखीची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, हे त्याच्या आईनं त्याच्याकडून शपथेवर वदवून घेतलं. निघायच्या आदल्या आठवड्यात भाच्यानं त्याची रक्ताची क्रिएटिनिन तपासणी आणि लघवी तपासून घेतली. आकडा चांगला आला. कागद तिनं देवाच्या फोटोमागे ठेवलाय. टोळी परतली की दुसऱ्यांदा रक्त द्यायचं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे. चुलतीचंही तपासायचं, असं ती परवा आपणहून म्हणाली.